म्यूजस्कोअरमध्ये स्वरलिपीवर गिटारच्या कॉर्डच्या आकृत्या कशा घालाव्यात?

मी म्यूजस्कोअर 3 हे स्वरलिपी लिहिण्याचे सॉफ्टवेअर वापरतो. गिटारच्या कोणत्या तारेवर कोठे बोट ठेवायचे, हे ठिपक्यांनी दाखवणारे चित्र म्हणजे कॉर्डची आकृती. ज्या स्वरावर कॉर्ड बदलते तो निवडून ‘फ्रेटबोर्ड डायग्रॅम्स’ या पॅलेटमधील आकृतीवर क्लिक केले की ती वर बसते, आणि हवी ती आकृती तेथे नसेल तर इन्स्पेक्टर या गुणधर्मांच्या चौकटीत तारांवर ठिपके ठेवून ती घडवता येते. कॉर्डचे नाव मात्र कंट्रोल आणि के दाबून वेगळे लिहावे लागते. या ‘वेगळे’कडे मी दुर्लक्ष केले आणि जळगावात, एका लग्नाच्या संगीताच्या तालमीत, सर्वांसमोर फजिती करून घेतली.

गाणे पांढरी एकमध्ये, म्हणजे सी पट्टीत, बसवले होते. आदल्या रात्री गायिकेने पांढरी दोन, म्हणजे डी, मागितली, म्हणून मी सॉफ्टवेअरमध्येच पट्टी चढवली. सीचे डी, एफचे जी आणि जीचे ए झाले; मी नावे तपासली, कागद छापले आणि निघालो. नावांजवळच्या आकृत्या जुन्याच राहिल्या होत्या, त्याकडे माझे लक्षच गेले नाही. गिटारवर दोन मुले होती. एक नावे वाचणारा, तर दुसरा नवशिका, केवळ ठिपके पाहणारा. पहिल्याच ओळीला एकाने डी आणि दुसऱ्याने सी वाजवली, तेव्हा पेटीवाल्या काकांनी भात्यावरचा हात काढून विचारले, “काय व्हयनं रे भो?”

सर्व तारा एकदम दाबून पट्टी चढवणारा चिमटा, म्हणजे कॅपो, कोणाकडेच नव्हता. शेवटी त्या नवशिक्याच्या गिटारच्या दुसऱ्या फ्रेटवर (दांडीवरील आडव्या पट्ट्यांमधील दुसऱ्या घरात) पेन्सिल आडवी ठेवून, पत्रिकांच्या गठ्ठ्याचे रबर तिच्यावर ताणून बांधले. जाड तार थोडी खरखरत होती, पण त्याच आकृत्यांतून आता डी, जी आणि ए निघू लागले.

काका तेव्हापासून सांगत फिरतात की, चित्रे पाहून वाजवणाऱ्याचे कान बंद असतात. हे मला मान्य नाही. त्यांच्याच पेटीच्या पट्ट्यांवर सा-रे-ग-मच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या मी लहानपणी पाहिल्या आहेत, आणि त्यावरून त्यांना कोणी बहिरे म्हटले नव्हते. चूक आकृतीची नव्हती, शेवटी कागद न तपासणाऱ्या माझी होती.

म्हणून पट्टी आधी कायम करावी आणि आकृत्या सर्वांत शेवटी घालाव्यात. स्वरलिपीच्या प्रत्येक मापावर (बारवर) तीच आकृती चिकटवणे निव्वळ गचाळपणा आहे. कॉर्ड प्रथम येते तेथे ती एकदा दाखवली की पुरे. एफ मेजरची आकृती मात्र नवशिक्यासाठी पुन्हा दिली तरी चालेल, कारण पहिल्या फ्रेटवरील सहाही तारा एका बोटाने दाबताना त्याला दुसरे काही आठवत नाही. हे सारे नेहमीच्या ट्यूनिंगसाठी आहे, हे आधीच सांगायला हवे होते. सहावी, म्हणजे सर्वांत जाड, तार डीपर्यंत उतरवलेली असेल, तर तिच्यावर ठिपका असलेली प्रत्येक आकृती नव्याने काढावी लागेल.