ग्राफिक्स कार्ड आत्ता घ्यायचं की नवीन येईपर्यंत थांबायचं?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळी बहुतेक पत्रं एकाच विषयावर आलीत, म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेतो आणि आज फक्त ग्राफिक्स कार्डांवर बोलू.

प्रश्न: दादा, मी सांगलीला मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पीसीत रायझन ५ ३६००, बी४५० बोर्ड आणि ४ जीबीचं जीटीएक्स १६५० आहे, मॉनिटर १०८०पी. शिकवण्या घेऊन ४० हजार जमवलेत. मित्र म्हणतात आत्ता घेऊ नको, ५० सीरिजची सुपर कार्डं येतायत, मग सगळंच स्वस्त होईल. थांबू का?

उत्तर: नको थांबूस. घे, आणि कार्डावर १६ जीबी मेमरी असलेलंच घे. का ते नीट सांगतो, थोडं लांबेल, पण शिकवण्या घेऊन जमवलेले पैसे आहेत तर कारण पूर्ण कळायला पाहिजे.

मित्र म्हणतात ती सुपर कार्डं, म्हणजे एनव्हिडिया कंपनीच्या ५० सीरिजची थोडी सुधारलेली मॉडेलं, आधी बघू. २०२५ भर चर्चा होती की ५०७० सुपरला १८ जीबी मिळणार, ५०७० टीआय सुपरला २४ जीबी मिळणार, आणि जानेवारी २०२६ च्या सीईएस या इलेक्ट्रॉनिक्सच्या मोठ्या प्रदर्शनात ती दाखवतील. सीईएस झालं, एनव्हिडियाने एकही नवीन कार्ड दाखवलं नाही. ना तारीख ना किंमत. आणि ती उद्या जरी आली तरी चर्चा ५०७० पासून वरच्याच कार्डांची आहे. साधं ५०७० जेव्हा आलं तेव्हा अमेरिकेत ५४९ डॉलर आणि भारतात एनव्हिडियाने स्वतः जाहीर केलेली किंमत ५९ हजार होती, म्हणजे सुपर आलं तरी ते तुझ्या ४० हजारांत बसणारच नाही. तू दुसऱ्याच्या बजेटच्या कार्डाची वाट बघत बसणार, आणि तोवर १६५० वर दिवस काढणार, ज्याच्यावर 'डूम: द डार्क एजेस'सारखे गेम चालूच होत नाहीत कारण त्यांना रे ट्रेसिंगचं (प्रकाशाचे किरण मोजून चित्र काढणारं) हार्डवेअर लागतंच आणि १६५० मध्ये ते नाही.

मग मित्र म्हणतील, वरची कार्डं आली की खालची उतरतात ना. उतरतात, कधीकधी. जानेवारी २०२४ मध्ये ४०७० सुपर बरोबर त्याच ५९९ डॉलरला आलं ज्याला आधी साधं ४०७० होतं, आणि साध्याची किंमत ५० डॉलरने खाली आली. तेव्हा थांबलेल्यांचा फायदा झाला हे खरंच आहे. पण त्या वेळी मेमरी स्वस्त होती. आत्ता उलटं चाललंय. एआय डेटासेंटरवाले मेमरी चिप्स एवढ्या उचलतायत की २०२५ च्या शेवटच्या काही महिन्यांत डीडीआर५ रॅमच्या किमती दुप्पट-तिप्पट झाल्या, आणि डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने सांगून टाकलं की क्रुशल नावाने ग्राहकांना रॅम-एसएसडी विकायचा धंदाच आम्ही बंद करतोय. एवढी जुनी, एवढी विश्वासाची कंपनी असं करते म्हणजे मेमरी कुठे चाललीय ते बघ. ग्राफिक्स कार्डावरची मेमरीसुद्धा त्याच मोजक्या दोन-तीन कंपन्या बनवतात, त्यामुळे ज्या कार्डावर मेमरी जास्त त्याच्यावर दबाव जास्त, आणि नेमकं १६ जीबीचं कार्डच तुला पाहिजे. अशा वेळी थांबून किंमत उतरेल हे मला पटत नाही, चढायचीच भीती जास्त.

आता कुठलं घ्यायचं. माझं मत एएमडी कंपनीचं आरएक्स ९०६० एक्सटी, १६ जीबी. जून २०२५ मध्ये ३४९ डॉलरला आलं. डॉलर ९० रुपये धरला तर ३१ हजारांच्या वर, त्यावर १८ टक्के जीएसटी (अमेरिकेतल्या किमतीत टॅक्स धरलेला नसतो हे लोक विसरतात आणि मग दुकानदाराशी भांडतात), म्हणजे ३७ हजारांच्या आसपास, वर इंपोर्टर आणि दुकानदाराचं मार्जिन. तुझ्या ४० च्या जवळपास बसायला हवं, दोन-चार हजार इकडेतिकडे. याच नावाचं ८ जीबीचं कार्डपण आहे, नाव सेम टू सेम, डब्यावर कोपऱ्यात ८ की १६ लिहिलेलं असतं ते बघितल्याशिवाय पैसे देऊ नकोस.

एनव्हिडियाच का नाही, तर ५०६० टीआय १६ जीबी पण चांगलंच आहे, पण ते महाग पडतं, आणि तुझ्या बोर्डाचीपण एक गोष्ट आहे. बी४५० पीसीआयई ३.० आहे, म्हणजे कार्ड आणि प्रोसेसरमधला डेटाचा रस्ता जुन्या पिढीचा. ५०६० आणि ५०६० टीआय त्या रस्त्याच्या आठच लेन वापरतात, ९०६० एक्सटी पूर्ण सोळा. जुन्या बोर्डावर अर्ध्या लेन म्हणजे रस्ता अरुंद, आणि ८ जीबीची मेमरी भरली की गेमला सिस्टीमच्या रॅममधून डेटा ओढावा लागतो, तेव्हा तो अरुंद रस्ता जाम होतो आणि गेम अडखळायला लागतो. १६ जीबीत तेवढी वेळ सहसा येत नाही, पण मुळात सोळा लेनवालं स्वस्तात मिळतंय तर ते घे ना. अपवाद एकच, कॉलेजच्या प्रोजेक्टला कुडा (एनव्हिडियाच्या कार्डांवर चालणारी प्रोग्रामिंगची सोय) लागत असेल तर मात्र एनव्हिडियाच घ्यावं लागेल, तिथे पर्याय नाही.

आणि जायच्या आधी घरी कॅबिनेट उघडून एसएमपीएस, म्हणजे पीसीचा पॉवर सप्लाय, बघ (एसएमपीएस स्वतः उघडायचा नाही). १६५० ची बरीच मॉडेल वेगळी वायर न लावता चालतात, त्यामुळे असेंबल करणाऱ्याने तेव्हा साधा लोकल एसएमपीएस टाकलेला असू शकतो. ९०६० एक्सटीला निदान ४५० वॉटचा लागतो आणि ८ पिनची वायर लागते. नसेल तर आधी तो बदल, भले कार्ड महिनाभर उशिरा येऊ दे, खराब एसएमपीएसवर नवीन कार्ड लावायचं नाही.

प्रश्न: कोल्हापुरात माझा लग्नाच्या व्हिडिओंचा व्यवसाय आहे. सोनीच्या कॅमेऱ्यावर शूट करतो, दा विंची रिझॉल्व्हवर एडिट, कार्ड ३०६० १२ जीबी. टाइमलाइन फार अडकते. सीझन तोंडावर आलाय. नवीन कार्डांसाठी थांबावं का?

उत्तर: तुमचं कार्ड कमाईचं साधन आहे, त्यामुळे गेमवाल्यांचं गणित तुम्हाला लावूच नका. सीझनमध्ये एकेक फिल्म दोन दिवस उशिरा जात असेल तर कार्डावर वाचणारे तीन-चार हजार कुठल्या कुठे जातात, आणि पार्टी नाराज होते ते वेगळंच.

पण घ्यायच्या आधी एक बघा, कॅमेऱ्यात कुठल्या फॉरमॅटला शूट करता? १० बिट ४:२:२ ला (रंगाची जास्त माहिती साठवणारा प्रकार) करत असाल तर अडकण्याचं कारण बहुतेक तिथेच आहे. ३० सीरिज आणि ४० सीरिजची कार्डं ४:२:२ चं एच.२६४ किंवा एच.२६५ व्हिडिओ हार्डवेअरवर डिकोड करतच (उलगडतच) नाहीत, सगळा भार प्रोसेसरवर पडतो. म्हणजे कोणी तुम्हाला स्वस्तात ४०८० देत असेल तरी या एका कामात ते तुमच्या ३०६० सारखंच वागणार! एनव्हिडियाने ही सोय ५० सीरिजपासून दिली. म्हणून तुमच्यासाठी ५०६० टीआय १६ जीबी, आणि नॉइज रिडक्शन वगैरे जड काम रोजचंच असेल आणि झेपत असेल तर ५०७० टीआय. ज्याची तुम्हाला वाट बघायची होती ते मुळात येऊन बसलंय. रिझॉल्व्हचं पैसे देऊन मिळणारं स्टुडिओ व्हर्जन घेतलं नसेल तर तेही घ्या, फ्री व्हर्जनमध्ये ही मदत पूर्ण मिळत नाही.

सीझन चालू असताना मात्र मशीन उघडू नका. कार्ड बदलायचं, ड्रायव्हर टाकायचे, एक जुना प्रोजेक्ट पूर्ण एक्स्पोर्ट करून बघायचा, हे सगळं पहिल्या ऑर्डरच्या आधी.

प्रश्न: मी नाशिकची. मुलगा बारावीला आहे, परीक्षा झाल्यावर गेमिंगचा कॉम्प्युटर घेऊन द्यायचं आम्ही कबूल केलंय. आता तो म्हणतो ६० सीरिज दिवाळीत येणार, तोपर्यंत घेऊच नको. मला यातलं काही कळत नाही. त्याचं बरोबर आहे का?

उत्तर: ताई, दिवाळीचं काही खरं नाही. ३० सीरिज सप्टेंबर २०२० ला आली, ४० सीरिज ऑक्टोबर २०२२ ला, ५० सीरिज जानेवारी २०२५ ला. दोन वर्षांपेक्षा कमी अंतर एकदाही नाही, म्हणजे त्याच चालीने गेलं तरी २०२७ उजाडतं. आणि दर वेळी पहिल्यांदा येतात ती वरची महागडी कार्डं. घरातल्या बजेटचं ४०६० हे ४०९० नंतर आठ महिन्यांनी आलं, ५०६० साठी चार महिने लागले. त्याला प्रेमाने विचारा की तुला त्यातलं नेमकं कुठलं कार्ड हवंय आणि त्याची किंमत काय, ते जाहीर झालेलंच नाही हे त्यालाही पटेल.

पण तुम्ही एका वेगळ्या कारणासाठी जरूर थांबा. ॲडमिशन कुठे होते ते कळू दे. कॅप राउंड संपून मुलगा होस्टेलला गेला तर डेस्कटॉप घरी धूळ खात पडेल आणि परत लॅपटॉपला पैसे घालावे लागतील. नाशिकमध्येच राहिला तर डेस्कटॉप, बाहेर गेला तर लॅपटॉप. तेवढे महिने थांबण्यात शहाणपण आहे, भले रॅम थोडी महाग मिळाली तरी. मुलाला कबूल केलंय ते मोडू नका एवढंच, पुढे ढकलण्याचं कारण त्याला समजावून सांगा.

प्रश्न: ठाण्यात ओळखीचा एक जण त्याचं ३०७० विकतोय. किंमत बरी सांगतोय. पण नवीन कार्डं आली की सेकंडहँड अजून पडतील ना? मग थोडं थांबून घेऊ का?

उत्तर: असं होतंच असं नाही. १ सप्टेंबर २०२० ला एनव्हिडियाने जाहीर केलं की ४९९ डॉलरचं ३०७० जुन्या २०८० टीआयपेक्षा फास्ट आहे. २०८० टीआय हजार-बाराशे डॉलरचं कार्ड, लोक घाबरले आणि मिळेल त्या भावाला विकून मोकळे झाले. ज्यांनी त्या आठवड्यात उचलली त्यांचं खरोखर भलं झालं, कारण मग नवीन कार्डं दुकानात दिसेनातच, कोविड, चिप्सचा तुटवडा आणि वर इथेरियम या क्रिप्टो चलनाचं मायनिंग (ग्राफिक्स कार्डांवर हिशोब करून चलन कमावणं), आणि तीच जुनी कार्डं परत महागली. जवळजवळ दोन वर्षं हे चाललं. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने मायनिंगच बंद केलं तेव्हा कुठे सेकंडहँड बाजारात कार्डांचा ढीग लागला. म्हणजे दोन वेळा भाव पडले, पण एकदा ते थोडेच दिवस टिकले आणि दुसऱ्यांदा कारण नवीन कार्ड नव्हतंच. २०२४ च्या शेवटी तर ५० सीरिज यायच्या आधीच ४० सीरिजची वरची कार्डं दुकानांतून संपायला लागली होती आणि ४०९० महाग झालं होतं.

त्यामुळे भावाचं सोडा, कार्ड तुमच्या कामाचं आहे का ते बघा. ३०७० जोरात चालतं, पण ८ जीबी. १०८०पी ला सेटिंग थोडी कमी करून खेळणार असाल तर अजून बरीच वर्षं काढेल, डीएलएसएसचं (एनव्हिडियाची छोटं चित्र एआयने मोठं करणारी सोय) नवीन अपस्केलिंग त्याच्यावरही चालतं. १४४०पी मॉनिटर असेल तर मी घेणार नाही. आणि त्याहून जुनं, १०७० किंवा १०८० वगैरे कोणी दाखवलं तर सरळ नाही म्हणा, १० सीरिजला गेमचे ड्रायव्हर अपडेट ऑक्टोबर २०२५ ला थांबले, आता फक्त सिक्युरिटीचे येतात.

घ्यायचं ठरलं तर त्याच्या घरी, त्याच्याच पीसीत लावलेलं बघा. अर्धा तास जड गेम चालवा, पंख्यांचा आवाज ऐका, हॉटस्पॉटचं (चिपवरच्या सगळ्यात गरम जागेचं) टेम्परेचर बघा, स्क्रीनवर ठिपके किंवा रेघा येतात का ते बघा. स्क्रूवरचे स्टिकर फाटलेत का बघा, फाटले असतील तर कार्ड उघडलेलं आहे, का उघडलं ते विचारा, थर्मल पेस्ट बदलायला उघडलं असेल तर वाईट नाही पण खरं सांगतोय का ते कळतं. मूळ बिल मागा, लॅमिंग्टन रोडवरून घेतलेलं असो की ऑनलाइन, जीएसटीचं पक्कं बिल पाहिजे आणि त्यावरचा सीरियल नंबर कार्डावरच्या नंबरशी जुळला पाहिजे. ३०७० ऑक्टोबर २०२० चं मॉडेल आहे, तीन वर्षांची वॉरंटी बहुतेकांची संपलीय. ती संपलेली असेल तर भाव त्याच हिशोबाने पाडून मागा, आणि ओळखीचा आहे म्हणून टेस्ट करायला लाजू नका.