टक्के आडवे की उभे?

प्रश्न : आशाताईंना सोबत घेऊन उपकेंद्राच्या गावांतल्या पस्तिशीपुढच्या सगळ्या बायकांची यादी केली. ऊसतोडीला जाते की नाही आणि गर्भाची पिशवी काढली की नाही, असा चार घरांचा (चौकटींचा) तक्ता मांडला. आडवे टक्के काढले तर एक दिसतं, उभे काढले तर दुसरंच. कुठलं धरायचं?
— एक आरोग्यसेविका, धारूर तालुका, जि. बीड

उत्तर : ताई, एकही घर न वगळता यादी केलीत, हे फार मोलाचं काम झालं. आडव्या ओळींत कामाचे गट असतील तर टक्के आडवेच काढा. तोडीला जाणाऱ्या शंभरजणींत पिशवी काढलेल्या किती आणि न जाणाऱ्या शंभरजणींत किती, एवढंच ताडून पाहायचं. गावातल्या बहुतेक बायका कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, जात असतील तर पिशवी काढलेल्यांतही त्याच जास्त भरणार, संबंध असो वा नसो. उभा टक्का तिथं फसवतो.

माणसं आजार पाहून निवडलेली असली की उलटं, टक्के उभे काढायचे. डॉल आणि हिल या ब्रिटिश संशोधकांच्या १९५० सालच्या अभ्यासात फुप्फुसाच्या कर्करोगाचे ६४९ पुरुष होते आणि इतर आजारांचे तितकेच. पहिल्यांत विडी-सिगारेट न ओढणारे २, दुसऱ्यांत २७. तिथं ‘ओढणाऱ्यांत कर्करोग किती’ असं काढलं तर निम्मे येतात; कारण निम्मे रुग्ण मुळातच निवडून घेतलेले.

मला काळजी आहे ती तुमच्या ‘जात नाही’ या घराची. वर्षानुवर्षं मोळ्या वाहिल्या, पिशवी काढल्यावर जमेना म्हणून घरी राहिली, ती बाई कुठं मोजलीत? ‘जात नाही’त गेली असेल तर दोन गटांतला फरक पुसला जाईल, कदाचित उलटाही दिसेल. म्हणून ‘आता जाता का’ असं नका विचारू. ‘ऑपरेशनच्या आधी किती हंगाम केले’ असं विचारा. साल आठवत नसेल तर थोरलीचं लग्न, २०१३च्या चारा छावण्या, असं काहीतरी धरून विचारा, बरोबर सांगतात.

मग वयाचे पाच-पाच वर्षांचे गट पाडून प्रत्येकाचा वेगळा तक्ता करा. वय वाढेल तशा पिशवी काढलेल्या वाढणारच, ते कामाच्या माथी मारायला नको. मी शिकवत होते तेव्हा मुलं थेट काय-स्क्वेअरवर, म्हणजे फरक निव्वळ योगायोगाचा आहे का हे पाहणाऱ्या चाचणीवर, उडी मारायची. आधी प्रत्येक घराचा अपेक्षित आकडा, म्हणजे संबंध नसता तर आला असता तो, काढा : ओळीची बेरीज गुणिले स्तंभाची बेरीज, भागिले एकूण. तो कुठं ५ च्या खाली आला तर काय-स्क्वेअरऐवजी लहान आकड्यांसाठीची फिशरची चाचणी लावा.

तक्ता कुणाला दाखवाल तेव्हा नावांची यादी वेगळी, कुलपात ठेवा. बायकांनी ही गोष्ट तुम्हाला विश्वासानं सांगितली आहे.