ट्रेडिंग डेस्कवरची नोकरी आणि मॅरेथॉन, दोन्हीत पुढे राहता येतं का?

तुझा प्रश्न थोडक्यात असा की वय २९, पुण्यात ट्रेडिंग डेस्कवर आहेस, हाफ १ तास ४२ मिनिटांत काढतोस, आता फुल (४२ किलोमीटर) साडेतीन तासांच्या आत आणायचीय, आणि तुझे सिनियर म्हणतात दोन डगरींवर पाय ठेवू नकोस, एक काय ते निवड. (तुला तू म्हणतोय, माझं वय ४७, राग मानू नको.)

येतं. सिनियर चुकतायत. पण ते ज्या कारणासाठी चुकतायत असं तुला वाटतंय त्या कारणासाठी नाही. आणि हे 'एक काय ते निवड' मी माझ्याच घरात इतकी वर्षं ऐकतोय की प्रश्न वाचून गप्प बसवलं नाही.

मी बडोद्याचा. लहानपण दांडिया बाजारात गेलं, वडील बँक ऑफ बडोदात. मल्लखांब जुम्मादादा व्यायाम मंदिरात शिकलो. वडील म्हणायचे, सयाजीराव महाराजांनी १९०८ साली बँक काढली आणि त्याच महाराजांनी माणिकरावांच्या या तालमीला बळ दिलं, मग हिशेब करणाऱ्याने अंगाला माती लावू नये हे कोणी ठरवलं? कॉलेजात ८०० मीटर पळायचो. आता सयाजीगंजमधे ऑफिस आहे, भाऊजी (मोठ्या बहिणीचे यजमान) आणि मी भागीदार, क्लायंटचं ब्रोकिंग आहेच पण खरी कमाई आणि खरी झोप उडवणारी गोष्ट म्हणजे स्वतःच्या पैशाचं ऑप्शन रायटिंग (करार विकून प्रीमियम आधी घ्यायचा, भाव उलटा गेला तर तोटा आपला). भाऊजी बडोद्याचं स्वतःचं स्टॉक एक्स्चेंज होतं त्या काळातले, बाजार त्यांच्या बोटांत आहे, मी त्यांच्याकडूनच शिकलो हे आधी सांगतो. पण त्यांचं एकच म्हणणं, पळणारा माणूस नऊ वाजता टर्मिनलवर बसतो तेव्हा अर्धा संपलेला असतो.

आता २०१९-२० चं सांगतो.

आमच्याच बिल्डिंगमधे वरच्या मजल्यावर एक जण होता, लोन सिंडिकेशनचं काम करायचा, आणि तोही पळायचा. त्याने आदल्या वर्षी मुंबईला फुल मॅरेथॉन ३ तास ५२ मिनिटांत केली होती. माझं ४:११. लिफ्टमधे भेटला की हसून 'कसं चाललंय ट्रेनिंग' विचारायचा, बाकी काही नाही, पण आपल्या धंद्यातल्या माणसाला तेवढंच पुरतं. मी ठरवलं की १९ जानेवारी २०२०ला मुंबईत चार तासांच्या आत, म्हणजे ५:४० चा पेस, एका किलोमीटरला ५ मिनिटं ४० सेकंद. नोव्हेंबरात आठवड्याला ५० किलोमीटर पळत होतो ते महिन्याभरात ७५ वर नेलं. अकोट्याच्या पुलावरून पहाटे पाचला निघायचं, रविवारी पावागढच्या पायऱ्या. रोज संध्याकाळी त्याचं स्ट्राव्हा (पळण्याची नोंद ठेवणारं ॲप) उघडून बघायचो, तो १२ पळाला असेल तर मी दुसऱ्या दिवशी १४.

डिसेंबरच्या मध्यात उजव्या नडगीत दुखायला लागलं. आधी पहिल्या दोन किलोमीटरात दुखायचं आणि अंग गरम झालं की थांबायचं, म्हणून दुर्लक्ष केलं. मग उलटं व्हायला लागलं, जितकं पळू तितकं वाढायचं. अंगठ्याने नडगीच्या हाडावरून खाली दाबत गेलं की बाकी सगळीकडे काही नाही आणि एका ठिकाणी, जुन्या आठ आण्याच्या नाण्याएवढ्या जागेत, डोळ्यात पाणी यायचं. एक्स-रे काढला, स्वच्छ आला. मी त्याला परवानगी समजलो. (स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या ताणाने हाडाला गेलेली बारीक चीर, सुरुवातीला एक्स-रेत बऱ्याचदा दिसतच नाही, त्याला एमआरआय लागतो, हे तेव्हा मला कोणी सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही कारण उत्तर नको होतं.) रात्री झोपेत पाय ठणकायचा. बायको म्हणाली थांब, मी म्हणालो चार आठवडे राहिलेत.

मुंबईत पहिली हाफ दोन तासांच्या आत झाली. पेडर रोडच्या चढावर पाय टेकवताना आतून काहीतरी चिरल्यासारखं झालं, तिथून पुढे मी चाललो, लंगडत, ४ तास ५० मिनिटं लागली. मेडल घेतलं. संध्याकाळी बडोदा स्टेशनला उतरलो तर ब्रिजच्या पायऱ्या चढता येईनात, मुलगा तेव्हा अकरा वर्षांचा, त्याने बॅग घेतली आणि मी कठड्याला धरून एकेक पायरी. एमआरआयमधे टिबियाचं, म्हणजे नडगीच्या हाडाचं, स्ट्रेस फ्रॅक्चर. वॉकर बूट, कुबडी, पळणं पूर्ण बंद.

ऑफिसात पाय स्टुलावर ठेवून बसायचो. आणि हाताला काम नसल्यामुळे मी एक केलं, मागच्या दोन महिन्यांची ट्रेनिंगची वही काढली आणि ट्रेडिंगचं लेजर असावं तशी वाचली. दुखतंय, तरी वाढव. अजून दुखतंय, अजून वाढव. हे सरळ सरळ ॲव्हरेजिंग होतं. पडत्या भावात माल वाढवत जाणं. क्लायंटला मी हे करताना बघितलं असतं तर फोन करून ओरडलो असतो.

आता बाजाराकडे ये. फेब्रुवारीच्या मध्यात निफ्टी १२,१०० च्या आसपास होती, आम्ही मार्च एक्सपायरीचे, म्हणजे मार्चअखेर संपणारे, ११,५०० चे पुट विकले (निफ्टी त्याच्या खाली गेली की फरक आम्ही भरायचा), दहा लॉट, तेव्हा लॉट ७५ चा. फुकटचा प्रीमियम वाटत होता. २८ फेब्रुवारीला सेन्सेक्स १,४४८ पडला, निफ्टी ११,२०० ला आली. भाऊजी म्हणाले ११,००० चे विकू, प्रीमियम केवढा मिळतोय बघ, सरासरी सुधारेल. विकले, दहा लॉट. मी हो म्हणालो होतो, हेही लिहितो. मग ९ मार्च, सोमवार, होळी. सेन्सेक्स एका दिवसात १,९४२ पॉइंट खाली, निफ्टी १०,४५१. व्हिक्स (बाजारातल्या भीतीचा निर्देशांक) वाढला की विकणाऱ्याचं मार्जिन, म्हणजे ठेवावी लागणारी अनामत, वाढतं, म्हणजे एका हाताने तोटा आणि दुसऱ्या हाताने अजून पैसे भरा. आणि भाऊजी म्हणाले, १०,५०० चे विकू.

मी तेव्हा खाली वाकून बुटाचा पट्टा सैल करत होतो. आणि मला ती आठ आण्याएवढी जागा आठवली, आठवली म्हणजे अक्षरशः अंगठा तिथे गेला. मी म्हणालो, नाही, सगळं कापायचं, आत्ता. ते म्हणाले वेडा आहेस का, महिना पुरा व्हायचाय. मी कापलं. दोन्ही पुट परत घेतले, साडेदहा लाख गेले. आमच्यासाठी ती रक्कम लहान नव्हती. त्या रात्री ताईकडे पुरणपोळी होती, सोसायटीत होळी पेटलेली, आणि भाऊजी माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी बाजार बंद होता, तो दिवस तर संपता संपेना.

१२ तारखेला सेन्सेक्स २,९१९ पडला. १३ ला उघडल्याउघडल्या लोअर सर्किट लागलं, बाजार ४५ मिनिटं बंद, आणि मग परत उघडून सगळं फिरलं, १,३२५ पॉइंटनी वर जाऊन बंद. भाऊजींचा फोन आला, 'बघ, आलं ना परत? थोडा दम काढला असतास तर.' २३ ला ३,९३४ पॉइंट गेले, निफ्टी ७,६१०. आमची मार्च एक्सपायरी झाली तेव्हा निफ्टी ८,६४१ होती. तीच पोझिशन ठेवली असती तर साडेदहाच्या जागी ३७ लाखाच्या घरात तोटा होता, आणि तिसरे दहा लॉट विकले असते तर किती ते मी काढतच नाही. ऑफिस राहिलं नसतं.

आणि एवढं होऊनही भाऊजी आजसुद्धा जेवणाच्या ताटावर काय म्हणतात माहितेय? 'तुझा पाय मोडला होता म्हणून तू घाबरलास आणि आपण वाचलो. पळत असतास तर त्या दिवशी पावागढवर असतास.' ताई हसते, पाहुणे हसतात. मला नाही हसू येत. मी घाबरलो नव्हतो. मी ती चूक दोन महिन्यांपूर्वी स्वतःच्या हाडावर करून बसलो होतो, म्हणून ती पैशात होताना मला आधी दिसली, ज्यांना चाळीस वर्षांचा अनुभव होता त्यांना दिसली नाही. जो माणूस फक्त बाजारात हरतो त्याच्याकडे कारणं खूप असतात, ऑपरेटर, एफआयआय (परदेशी गुंतवणूकदार संस्था), बातमी, बाजार नियामक सेबी. पळण्यात घड्याळ असतं आणि तुझा पाय असतो, तिसरं कोणी नाही ज्याच्यावर ढकलशील. आपल्या धंद्यात ज्याला हरल्याचं हरल्यादिवशी कबूल करता येतं तो टिकतो, आणि मला ते कबूल करणं मैदानाने शिकवलं, टर्मिनलने नाही. तुझ्या सिनियरला हे सांग. ते कधी काही पळालेत का, पोहलेत का, कुठे शेवटचे आलेत का, हेही विचार. मी तरी विचारलं असतं.

वेळेचं विचारलंस ते. बाजार सव्वानऊ ते साडेतीन, तो हलत नाही, त्यामुळे पहाटच. बडोद्यात एप्रिलनंतर साडेसहाला ऊन अंगावर येतं, पुण्यात तुला तेवढा त्रास नाही. मी आठवड्यात चार दिवस पळतो, त्यातले तीन बोलता येईल इतक्या सावकाश आणि एकच दिवस जोरात, आणि तो दिवस एक्सपायरीच्या दिवशी किंवा आदल्या दिवशी कधीच नाही. रविवारी लांब. साडेनऊला झोप, मित्र गेले त्यात थोडे, ते खरंय. साडेतीनच्या आत म्हणजे जवळपास ४:५८ चा पेस, १:४२ च्या हाफवरून ते एका सीझनमधे होणार नाही, ३:४० धर. ३० किलोमीटरनंतर शरीरातली साखर संपत येते तेव्हा तू कसा आहेस ते अजून तुला माहीतच नाही. स्ट्राव्हावर ऑफिसच्या लोकांना म्यूट कर. हे मी सगळ्यात वर लिहायला हवं होतं.

एक-दोन गोष्टी राहिल्या. मी स्वतःच्या धंद्याचा मालक आहे, मला कोणी आठ वाजताच्या मीटिंगला बोलवत नाही, तुझं तसं नाही, हा फरक मोठा आहे. आणि दोन्हीत पुढे म्हणजे दोन्हीत एकाच महिन्यात पुढे असं नाही, बजेटच्या आठवड्यात मी मायलेज अर्धं करतो. झेरोधा या ब्रोकिंग कंपनीच्या नितीन कामथना २०२४ च्या सुरुवातीला माइल्ड स्ट्रोक आला होता, फिट माणूस, आणि त्यांनी स्वतःच कारणं लिहिली होती, वडिलांचं जाणं, अपुरी झोप, थकवा, डिहायड्रेशन, जास्त व्यायाम. तेव्हा झोप कापून किलोमीटर वाढवायचे नाहीत. आणि कोणी तुला नोकरी सोडून पूर्णवेळ एफ अँड ओ (फ्युचर्स-ऑप्शन्सचे सौदे) कर, पळायला वेळ मिळेल असं सांगत असेल तर सेबीचा अभ्यास वाच, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफ अँड ओ करणाऱ्या १०० पैकी ९३ किरकोळ ट्रेडरना तोटा झाला. आम्ही या धंद्यात आहोत म्हणूनच सांगतो.

चारच्या आत मी २०२३ ला आलो, ३:५६. वरच्या मजल्यावरचा तोवर अहमदाबादला निघून गेला होता. भाऊजींना घड्याळाचा फोटो पाठवला, त्यांनी उत्तरात निफ्टीचा भाव पाठवला.

एमआरआयची फिल्म आणि ९ मार्चची कॉन्ट्रॅक्ट नोट (सौद्याची पावती) ऑफिसच्या कपाटात एकाच फाइलला लावून ठेवलीय. नडगीवर अंगठ्याने दाबून बघ आज रात्री. एकाच जागी दुखलं तर रविवारचं रद्द कर आणि डॉक्टरकडे जा.