पद्मिनीच्या दारांचं रेक्झिन: आधी पाणी बघा

आजोबांची १९८४ची प्रीमियर पद्मिनी, दारांची आतली पॅनेल खालून फुगलेली, रेक्झिन सुटलेलं आणि कुशनवाला म्हणतोय "द्या, दोन दिवसांत नवं चढवतो". द्यावं का, असा तुमचा प्रश्न. एवढ्यात देऊ नका. त्यानं काम कितीही सुबक केलं तरी दुसऱ्या पावसाळ्यात पॅनेल परत फुगेल.

काचेच्या फटीतून पाणी दारात उतरतंच, कुठल्याही गाडीत. ते तळाच्या भोकांतून निघून जावं अशी सोय असते. भोकं माती-गंजानं बुजली की दाराचं टाकं होतं. शिवाय पत्रा आणि पॅनेल यांच्यामध्ये प्लास्टिकचा कागद असायला हवा. काच वर-खाली करणारं मशीन दुरुस्त करताना कुणीतरी तो फाडून फेकलेला असतो, तुमच्याकडेही बहुधा तेच झालंय. आतला हार्डबोर्ड म्हणजे लाकडाचा दाबलेला लगदा. एकदा पाणी प्यायला की वाळल्यावरही पूर्ववत होत नाही, त्यामुळे इस्त्री, वजन ठेवणं वगैरे उपाय सोडून द्या.

पॅनेल काढताना मधून ओढू नका. क्लिप जिथे असेल तिथेच चपटी पट्टी सरकवून उचला, नाहीतर क्लिपच्या भोकाचा तुकडा पत्र्यालाच राहतो. मग काच वर करून बाहेरून तांब्याभर पाणी ओता आणि आत बॅटरी मारून बघा. तळाची भोकं तारेनं मोकळी करा, गंज घासून प्रायमर मारा, काचेची बाहेरची रबरपट्टी कडक झाली असेल तर बदला. नवा प्लास्टिक कागद चिकटवताना त्याची खालची कड दाराच्या आत वळवा. ती बाहेर राहिली तर पाणी थेट बोर्डावर येतं.

बोर्ड नवा कापायचा. जुनं पॅनेल कितीही कुजलं असलं तरी फेकू नका, साचा तोच. मी ३ मिमीचा प्लायवूड वापरतो. कापून, भोकं पाडून झाल्यावर दोन्ही बाजूंना आणि विशेषतः कडांना व्हार्निशचे दोन हात. पाणी कडेतूनच शिरतं. जाड बोर्ड घेतलात तर क्लिपा बसत नाहीत आणि काच फिरवायचं हँडलही नीट बसत नाही, हे मी स्वतः करून बघितलंय.

रेक्झिनचा रंग जुळवायला समोरचा भाग नेऊ नका, तो उन्हानं उडालेला असतो. पॅनेलच्या मागे दुमडलेल्या कडेचा तुकडा न्या, खरा रंग तिथे सापडतो. गाडी ज्या कुर्ल्यात बनायची त्याच कुर्ल्यातल्या सीएसटी रोडवर चार दुकानं फिरलात तर जवळचा पोत मिळेल. जुन्या पॅनेलवरच्या दाबून उठवलेल्या रेघा मात्र हुबेहूब होणं अवघड. त्या जागी शिलाई मारून घ्या, पण बोर्डावर चढवण्याआधी.

चिकटवायला रबर अॅडहेसिव्ह. दोन्ही बाजूंना पातळ थर, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, बोटाला चिकटतंय पण बोटावर येत नाही अशी अवस्था आली की मधून कडेकडे दाबत न्यायचं. काम कोरड्या हवेत करा आणि खिडक्या उघड्या ठेवा, वास डोक्यात जातो. मी एकदा ऐन जुलैत उत्साहानं बसलो होतो. दमट हवेनं थरावर बाष्प धरलं आणि आठवड्याभरात अख्ख्या पॅनेलवर फोड आले. तेव्हापासून दिवाळीआधी डबा उघडत नाही.

जे रेक्झिन अजून धड आहे ते सौम्य साबणाच्या पाण्यानं, मऊ ब्रशनं पुसा. थिनर लावू नका, रंगच निघून येतो.

शेवटचं: सगळ्या दारांची पॅनेल एकदम काढू नका. काच पूर्ण वर असताना हँडल कुठल्या दिशेला होतं, कुठला स्क्रू लांब होता, हे दुसऱ्या दाराकडे बघूनच कळतं. फोटोत नेमकं तेवढंच येत नाही.