जॅझसाठी पहिला अँप घेताना

अरे, गिटारचा अँप (अँप्लिफायर) घेताना वॅटच्या आकड्याला भुलू नकोस. आपल्याला हवा गोल, स्वच्छ आवाज, व्हॉल्यूम वाढवला तरी न फाटणारा. त्यासाठी महागडा ट्यूब अँपच (काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा) लागतो असं अजिबात नाही. रोलंड कंपनीचा १९७५ चा जेसी-१२० अँप ट्रान्झिस्टरवरच चालतो आणि क्लीन टोन म्हटलं की आजही त्याचंच नाव निघतं. सदाशिव पेठेतल्या खोलीत सरावाला २० वॅट भरपूर. स्पीकर मात्र ८ इंची तरी हवाच, जमलं तर १० इंची घे. छोट्या डब्यात खर्ज पोकळ वाटतो.

दुकानात स्वतःची गिटार ने. नेक पिकअप (तारांचा आवाज पकडणारा, गिटारच्या मानेजवळचा) निवड, टोनचा नॉब अर्ध्यावर, गेन (वाढवला की आवाज फाटतो तो नॉब) अगदी कमी. मग मेजर सेव्हन्थ कॉर्ड सावकाश छेड. चारही स्वर सुटे ऐकू आले पाहिजेत. जुना अँप असेल तर प्रत्येक नॉब फिरवून खरखर येते का बघ. आणि हो, तारा फ्लॅटवाउंड (चपट्या तारेने गुंडाळलेल्या, गुळगुळीत) लाव, फार फरक पडतो.