सामायिक, सामाईक, समान की आपलं?

नेरुळहून एका ताईंनी विचारलंय: "आमच्या सोसायटीला यंदा २५ वर्षं होतायत. फाटकाशेजारच्या भिंतीवर एक बोधचिन्ह रंगवून घ्यायचंय. वेगवेगळ्या रंगांची, एकमेकांत अडकलेली वर्तुळं. माणसं कितीही निराळी असली तरी सगळ्यांमध्ये काहीतरी एकच असतं, असं सुचवणारी. चित्रकाराने खाली लिहायला इंग्रजी ओळ पाठवली. मुलाने मोबाइलवर तिचं मराठी करून दिलं: 'सर्व लोक जे सामायिक करतात त्याचा उत्सव'. वाचताना दातात खडा येतो, पण नेमकं काय चुकलंय ते सांगता येत नाही. 'समान' लिहू का? सामायिक बरोबर की सामाईक? कमिटीत कोणी 'विविधतेतून एकता' लिहा म्हणतंय. आणि चित्राला प्रतीक म्हणायचं की बोधचिन्ह?"

ताई, खडा आहे तो क्रियापदाचा. 'सामाईक' हे मराठीत विशेषण आहे आणि ते मालकीबद्दल बोलतं. विहीर सामाईक असते, भिंत सामाईक असते, गच्ची सामाईक असते. वाटणीच्या वेळी थोरलं माणूस म्हणतं, "विहीर सामाईक ठेवा." ठेवतात, करत नाहीत. 'सामायिक करा' ही मोबाइलच्या पडद्यावरची मराठी आहे, ओट्यावरची नाही. फोटो हवा असेल तर आपण 'पाठव' म्हणतो, नाहीतर सरळ 'शेअर कर' म्हणतो, आणि त्यात मला काही वावगं वाटत नाही.

गंमत अशी की त्या इंग्रजी क्रियापदाच्या पोटात दोन उलट गोष्टी आहेत. 'डबा शेअर केला' म्हणजे वाटून खाल्ला, प्रत्येकाला थोडा कमी मिळाला. 'खोली शेअर केली' म्हणजे एकत्र राहिलो, खोली तेवढीच राहिली. मराठीत 'वाटणे' म्हटलं की फक्त पहिलंच होतं. वाटा, वाटणी, वाटेकरी, सगळ्यांत तुकडे पडतात. भूक, झोप, आईची आठवण या गोष्टी माणसांनी वाटून घेतलेल्या नसतात, प्रत्येकाला त्या अख्ख्या मिळालेल्या असतात. म्हणून 'सगळे जे वाटून घेतात' हेही जमणार नाही. 'त्याचा उत्सव' तर अजूनच अवघडलेलं आहे. आपल्याकडे साजरा करायला तिथी लागते, निदान वाढदिवस तरी. एखादा गुणधर्म साजरा करायची आपल्याला सवय नाही.

आता समान आणि सामाईक. माझं लहानपण ठाण्यात, नौपाड्यातल्या एका चाळीत गेलं. आमच्या मोरीतलं पाण्याचं पिंप आणि शेजारच्या काकूंचं पिंप समान होतं, एकाच दुकानातून आणलेलं. त्यावरून कधी भांडण झालं नाही. नळ सामाईक होता. पुढचं सांगायला नको. समान म्हणजे तुझ्याकडे जसं आहे तसंच माझ्याकडेही आहे. वस्तू दोन, रूप एक. सामाईक म्हणजे वस्तूच एक, हक्कदार अनेक. मग माणसामाणसांत काय समान आणि काय सामाईक? दोन डोळे, लाल रक्त, रडत जन्माला येणं हे समान. खाडीवरून येणारा वारा, सकाळची लोकल, पायाखालची जमीन हे सामाईक. समान असायला ओळखसुद्धा लागत नाही, पण सामाईकात एकमेकांशी बोलावं लागतं, निदान नळावर नंबर लावण्यापुरतं तरी. तुमच्या चित्रात वर्तुळं नुसती शेजारीशेजारी असती तर मी 'समान' म्हटलं असतं. ती एकमेकांवर चढलीयत म्हणून 'सामाईक' जवळचं. शाळेच्या पुस्तकात दोन संचांच्या वर्तुळांमधल्या तशाच भागाला 'सामाईक घटक' म्हणतात, आणि त्या संचाला 'छेद'. जिथे दोन संच जुळतात त्यालाच नाव मिळालं कापण्याचं! (मी आयुष्यभर गणित शिकवलं, पण हा शब्द फळ्यावर लिहिताना प्रत्येक वेळी हसू यायचं.)

आणखी दोन शेजारी शब्द आहेत. एक 'सार्वजनिक'. ते कोणाचंही असतं, म्हणून पुष्कळदा कोणाचंच नसतं. सामाईकात मात्र हक्कदार मोजता येतात. सातबाऱ्यावर 'सामाईक' असा शेरा असतो तेव्हा त्यामागे नावांची रांग असते. नेरुळ-शिरवण्याच्या जुन्या गावठाणातल्या कुणालाही विचारा. नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या सिडकोच्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडावर चुलत्या-पुतण्यांची नावं एकत्र लागली की 'सामाईक' शब्दाबरोबर सह्या गोळा करत फिरण्याची आठवण येते. शब्दाचा हा चेहराही ध्यानात असू द्या, कारण ती भिंत तेही वाचणार आहेत. दुसरा शब्द 'साधारण'. मूळ अर्थ 'सगळ्यांचं मिळून', पण आता कोणी स्वयंपाकाला साधारण म्हटलं तर वाईट वाटतं. जुना अर्थ एका ठिकाणी शाबूत आहे, तो म्हणजे तुमच्या सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत. तिथे येणारे सभासद साधारण नसतात, सभा सर्वांची असते.

लेखनाचं थोडक्यात. मालकीच्या अर्थाने मी 'सामाईक' लिहिते आणि तेच लिहावं असं सुचवेन. बोलताना जुनी माणसं 'समाईक'सुद्धा म्हणतात. प्रवेश परीक्षेच्या बातम्यांत सामाईक आणि सामायिक दोन्ही छापून येतात, त्यामुळे गोंधळ वाढला आहे. पण 'सामायिक' या रूपाला एक स्वतःचं घर आहे. तुमच्या सोसायटीत जैन कुटुंबं असतील तर त्यांना विचारा. समभावात बसण्याचं ते व्रत, दोन घटकांचं म्हणजे ४८ मिनिटांचं. त्यांनी भिंतीवर 'सामायिक' वाचलं तर पहिल्यांदा तेच आठवेल. आणि 'सामयिक' हा तिसराच. तो 'समय'वरून आलेला, काळाशी संबंधित. कानाला तिघे भावंडं वाटतात, हे खरं.

कमिटीतल्या 'विविधतेतून'बद्दल माझं मत जरा कडक आहे. 'त' आणि 'तून' यांत बराच फरक आहे. 'घरात' म्हणजे आत, 'घरातून' म्हणजे बाहेर पडताना. विविधतेत एकता म्हटलं की विविधता जागेवर राहते. विविधतेतून म्हटलं की ती मागे टाकून एकतेकडे निघाल्यासारखं वाटतं. 'तून'चा 'च्या योगाने' असाही अर्थ होतो, कबूल, पण भिंतीवर तळटीप देता येत नाही. हा फरक इतरांनाही जाणवलेला दिसतो. अमेरिकेच्या राजमुद्रेवर १७८२ पासून 'ए प्लुरिबस उनुम' असं लॅटिन वाक्य आहे. त्यातला 'ए' म्हणजे आपला 'तून'. अनेकांतून एक. तेरा वसाहतींचं एक राष्ट्र होत होतं, तिथे 'तून' शोभतो. इंडोनेशियाच्या चिन्हातला गरुड पायांत जी पट्टी धरून आहे तिच्यावर 'भिन्नेका तुंग्गल इका' लिहिलंय. जुन्या जावानीज भाषेतलं हे वाक्य, चौदाव्या शतकातल्या काव्यातून घेतलेलं. त्यातला 'भिन्न' आपल्याला न सांगता कळतो. भिन्न आहे ते, तरी एकच आहे ते. तिथे कोणी कशातून बाहेर पडत नाही. आपल्या शाळेतली प्रतिज्ञा तर याहून पुढे जाते. मूळ तेलुगूत, पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी १९६२ साली लिहिलेली; पण मराठी करणाऱ्याने 'विविधतेने नटलेल्या परंपरा' असा शब्द योजला. नटलेल्या! विविधता म्हणजे सोडवायचं कोडं नव्हे, अंगावर घालायचे दागिने. प्रार्थनेच्या रांगेत घोकताना हे कधी जाणवलं नाही.

प्रतीक की बोधचिन्ह? भिंतीवर रंगवाल ते बोधचिन्ह, कारण ते कोणीतरी ठरवून, आखून दिलेलं असतं. त्याचं प्रतीक होतं ते लोकांच्या मनात, वेळ घेऊन, आणि कधीकधी होतच नाही. ऑलिंपिकची पाच कडी पिएर द कुबेर्तँ यांनी १९१३ साली काढली, ऑलिंपिक सामन्यांत ती पहिल्यांदा ध्वजावर फडकली अँटवर्पला, १९२० मध्ये. निळा, पिवळा, काळा, हिरवा, लाल आणि मागचा पांढरा धरून सहा रंग असे निवडले की त्या वेळच्या प्रत्येक देशाच्या झेंड्यातले रंग त्यांत सापडावेत. अमुक कडं अमुक खंडाचं अशी वाटणी त्यांनी केली नव्हती. लोकांनी मागाहून लावली. तुमच्या चित्रकाराला हे जरूर सांगा. 'निळं वर्तुळ म्हणजे आम्ही, केशरी म्हणजे ते' हे सभासद पहिल्या आठवड्यातच सुरू करतील.

याच्या उलट उदाहरण रेड क्रॉसचं. १८६४ मध्ये जिनिव्हा करारात जे चिन्ह ठरलं ते स्वित्झर्लंडच्या झेंड्याचे रंग उलटे करून बनलेलं. धर्माचा हेतू नव्हता. पण १८७७-७८ मध्ये रशियाशी लढताना ऑटोमन तुर्कांनी क्रॉसऐवजी लाल चंद्रकोर वापरली. १९२९ च्या करारात ती मान्य झाली, सोबत इराणचा लाल सिंह आणि सूर्यही. म्हणजे जखमींना सगळ्यांनी सारखं वागवावं याची एक खूण करायला गेले आणि तीन झाल्या. शेवटी डिसेंबर २००५ मध्ये चौथी आली, लाल स्फटिक. कोनावर उभा केलेला चौकोन, लाल कड, आत पांढरं. कोणत्याही धर्माशी किंवा देशाशी न जोडलेला आकार शोधून काढला. सगळ्यांचं व्हावं म्हणून ज्याला आधी काहीच अर्थ नव्हता असं चिन्ह! प्रतीक व्हायला त्याला अजून पुष्कळ वाट पाहावी लागेल. (लिहिताना 'प्रतीक'मधली 'ती' दीर्घ. फ्लेक्सवर ती नेमाने ऱ्हस्व होते.)

इथे माझ्यातली मास्तरीण गप्प बसत नाही. सगळ्यांत असलेलं एक शोधणं म्हणजे मसावि, महत्तम सामाईक विभाजक. १२ आणि १८ चा मसावि ६. त्यात ७ आला की लगेच १. जितकी माणसं निराळी तितका मसावि आक्रसत जातो, आणि मग भिंतीवर 'आपण सगळे माणसं आहोत' एवढंच उरतं. खरं असतं, पण एकच असतं. लसाविचं, म्हणजे लघुतम सामाईक विभाज्याचं, उलट. १२ आणि १८ चा लसावि ३६, सातसह २५२. सगळे ज्यात मावतील अशी संख्या, आणि प्रत्येक नवा पाहुणा आला की ती मोठीच होते, निदान कमी तरी होत नाही. वाशी स्टेशनजवळ केरळ हाऊस, आसाम भवन, उत्तराखंड भवन एकाच वस्तीत उभी आहेत. तिथून चालताना मला नेहमी लसावि आठवतो. तुमच्या वर्तुळांत चित्रकार फक्त मधला छोटा भाग गडद करणार असेल, तर बाहेरून सगळ्यांना वेढणारी एक रेघही मारायला सांगा.

शेवटी ओळ कोणती? तुम्ही 'समान' की 'सामाईक' विचारलंत आणि मी 'सामाईक'कडे झुकले, पण भिंतीसाठी मी दोन्ही सोडून देईन. मराठीकडे याहून जुनं साधन आहे. ऐकणाऱ्याला धरून 'आपण', वगळून 'आम्ही'. 'आम्ही निघालो' म्हटलं तर तुम्ही मागे राहिलात. 'आपण निघू' म्हटलं तर चपला शोधायला लागा. 'आमचं नेरुळ' हा बोर्ड पाहुण्याला बाहेर ठेवतो, 'आपलं नेरुळ' आत घेतो. हिंदीच्या 'हम'ला हे जमत नाही, बंगालीच्या 'आमरा'लाही नाही, इंग्रजीला तर नाहीच. गुजरातीत मात्र आपणे आणि अमे, तमिळमध्ये नाम आणि नांगळ, मल्याळममध्ये नम्मळ आणि ञङ्ङळ, तेलुगूत मनमु आणि मेमु. द्राविडी भाषांच्या शेजारामुळे मराठी-गुजरातीत हा भेद रुजला, असं भाषाभ्यासक मानतात. म्हणजे ही गोष्टसुद्धा सामाईकच. जिन्यात भेटणाऱ्या तमिळ मामींना आणि गुजराती बेनना तुमची ओळ एका झटक्यात कळेल. कानडी शेजाऱ्यांना समजावून सांगा, त्यांच्या आजच्या 'नावु'मध्ये हा भेद उरलेला नाही.

वर 'आपण' हे आदराचं 'तुम्ही'सुद्धा आहे. 'आपण सहकुटुंब यावे'. त्यामुळे फाटकावर 'आपलं' लिहिलं की ते आतल्यांनाही लागू आणि दारातल्या पाहुण्यालाही. मी 'सगळं आपलं' किंवा नुसतं 'आपलं' एवढंच लिहीन, खाली सोसायटीचं नाव आणि २५ वर्षं. एक सावधगिरी: रंगाऱ्याने जागा भरायला तो शब्द दोनदा लिहू नये. 'आपलं आपलं' म्हटलं की ज्याने त्याने आपापलं बघावं असा अर्थ होतो आणि सगळं मुसळ केरात. आणि 'ल'वरचा तो अनुस्वार कागदावर मोठा काढून द्या. रंगारी टिंब विसरतात, आणि 'आपल' असा शब्द मग २५ वर्षं भिंतीवर राहतो.