पंपाचा कॉन्टॅक्टर सुटला की बोर्ड रिसेट का होतो?

प्रश्न : सर, मी कोल्हापुरात डिप्लोमाला इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. लॅबमध्ये अजून ८०५१ हा जुना मायक्रोकंट्रोलर आहे, पोरं मात्र प्रोजेक्टला ईएसपी३२ हा वायफायवाला नवा मायक्रोकंट्रोलर आणतात. यंदा एका ग्रुपनं पंचगंगेकाठच्या उसाच्या पंपासाठी मोबाईलवरनं चालू-बंदचं सर्किट केलंय. टेबलावर झकास चालतं, पंपाला जोडलं की सारखं रिसेट. नवीन बोर्ड घेतले की सुटेल का हे?

उत्तर : मॅडम, नवीन बोर्ड घ्याच, ८०५१ इंटेलनं १९८० ला काढलाय. पण रिसेट त्यानं थांबणार नाही, कारण गडबड चिपच्या भोवतीच्या सर्किटात आहे आणि तेच आपण शिकवत नाही.

आधी पॉवर बघा. ईएसपी३२ बनवणारी एस्प्रेसिफ कंपनी स्वतःच सांगते की ईएसपी३२ ला ३.३ व्होल्टवर किमान ५०० मिलीअँपिअर देणारा सप्लाय ठेवा. पोरं काय करतात, लिथियम सेल लावतात, बोर्डवर एएमएस१११७ हा ३.३ व्होल्ट देणारा रेग्युलेटर असतो, तो स्वतःच साधारण १.१ व्होल्ट खातो, म्हणजे सेल ४.२ ला फुल चार्ज असला तरी ईएसपी३२ च्या मॉड्यूलपर्यंत ३.१ च पोचणार, आणि त्याची खालची हद्द आहे ३.०! डेटाशीट उघडली की हे दोन मिनिटांत कळतं. म्हणून सोल्डरिंग आयर्न हातात द्यायच्या आधी पॉवर बजेट, म्हणजे कुठला भाग किती करंट घेतो आणि सप्लाय किती देतो, हे लिहून घ्या, प्रत्येकाकडनं.

आता पंप. रिलेच्या कॉइलला उलटा डायोड लावला असेलच, पण तो रिले पुढं एसी कॉन्टॅक्टरची, म्हणजे पंपाच्या मोठ्या स्विचची, कॉइल चालवतो. ती सुटताना व्होल्टेजचा झटका येतो आणि त्यानंच बोर्ड रिसेट होतो. एसीवर तिथं डायोड चालत नाही, आरसी स्नबर लागतो, म्हणजे झटका शोषणारी रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी. हे फळ्यावर सांगू नका, दाखवा. लॅबमध्ये ट्रान्सफॉर्मरवर २४ व्होल्ट एसी कॉइलचा कॉन्टॅक्टर घ्या, पोरांचा हात २३० ला जायला नको. डीएसओचा (डिजिटल ऑसिलोस्कोपचा) प्रोब ३.३ व्होल्टच्या लाइनवर, ग्राउंडला लांब क्लिपऐवजी छोटी स्प्रिंग, ट्रिगर फॉलिंग एज, सिंगल शॉट, आणि कॉन्टॅक्टर सोडा. मग स्नबर लावून परत. स्क्रीनवरचा फरक बघितलेलं पोरगं स्नबर परत विसरत नाही.

नंतर कायकॅड, सर्किट बोर्ड डिझाइन करायचं सॉफ्टवेअर, फुकट आहे. दोन लेयरचा बोर्ड, खाली अख्खा ग्राउंड, १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर चिपच्या पॉवर पिनला चिकटून, आणि ऑर्डरच्या आधी दुसऱ्या ग्रुपनं स्कीमॅटिक (सर्किटची आकृती) तपासायचं, हे सक्तीचं करा. मार्क नुसतं चाललं म्हणून देऊ नका, मोजमापाच्या वहीला द्या. पहिला बोर्ड बहुतेक चुकतोच, तेव्हा दुसऱ्याला वेळ आणि पैसे उरतील असं वेळापत्रक आत्ताच लावा.